टॅक्स नसलेल्या राज्यांत सगळे खेळाडू का जात नाहीत?

रिटर्न्सची गर्दी ओसरली, म्हणून आता निवांत लिहितो. प्रश्न असा होता: २०२२ मध्ये कॅन्सस सिटीच्या टीमने टायरिक हिल या स्टार फुटबॉलपटूला दुसऱ्या टीमला द्यायचं ठरवलं, तेव्हा न्यूयॉर्क जेट्स आणि मायामी डॉल्फिन्स असे दोन पर्याय समोर होते. मायामी निवडण्यात राज्याच्या टॅक्सचा हात होता, हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं. मग टेक्सास-फ्लोरिडाच्या टीम दरवर्षी सगळे चांगले खेळाडू पळवत का नाहीत? आणि जाता जाता विचारलेला दुसरा प्रश्न: मला न्यू जर्सीतल्या एडिसनहून टेक्सासमधल्या फ्रिस्कोला नोकरीची ऑफर आहे, हाच हिशोब मला लावू का?

आधी एक खुलासा. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, एनएफएल. मी न्यू जर्सीत टॅक्सची कामं करतो आणि त्यात थोडे खेळाडूही आहेत. स्टार कोणी नाही, बहुतेक आज टीममध्ये आणि उद्या बाहेर अशी मुलं. त्यामुळे हा विषय पेपरात दिसतो तसा मला दिसत नाही.

थोडक्यात सांगायचं तर टॅक्सचा फरक खरा आहे आणि मोठा आहे, पण टीम निवडायची संधीच फार थोड्यांना मिळते. ज्यांना मिळते त्यांच्याही बाबतीत बातम्यांमधले आकडे बरेचदा फुगवलेले असतात.

एनएफएलच्या ३२ टीमपैकी आठ टीम अशा राज्यांत आहेत जिथे पगारावर राज्याने आजवर टॅक्स घेतलेला नाही. टेक्सासमध्ये डॅलस आणि ह्यूस्टन, फ्लोरिडात मायामी, टॅम्पा बे आणि जॅक्सनव्हिल, शिवाय टेनेसी, सिएटल आणि २०२० मध्ये ओकलंड सोडून लास वेगासला गेलेले रेडर्स. दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्निया, वरचा दर १३.३ टक्के. तिथे २०२४ पासून पगारावरच्या अपंगत्व विम्याच्या कपातीची (२०२४ मध्ये १.१ टक्के) कमाल मर्यादाही काढून टाकली आहे, म्हणजे मोठ्या पगाराला तीही पूर्ण लागते. जेट्स आणि जायंट्स नावाला न्यूयॉर्कचे, पण दोघांचं स्टेडियम आणि सराव न्यू जर्सीत. त्यामुळे त्यांना न्यू जर्सीचा दर, दहा लाख डॉलरच्या वर १०.७५ टक्के. न्यूयॉर्क राज्यात खरोखर खेळणारी टीम एकच, बफलो.

आता कोणत्या राज्याला किती जातं ते बघू. खेळाडू राहतो कुठे यापेक्षा तो कामाचे दिवस कुठे घालवतो, हे इथे महत्त्वाचं. याला ‘ड्यूटी डेज’ म्हणतात. ट्रेनिंग कॅम्प सुरू झाल्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंतचे दिवस मोजायचे, त्यातले ज्या राज्यात जितके घालवले तितका पगाराचा हिस्सा त्या राज्याचा. हे साधारण १७० दिवस भरतात. बाहेरचा सामना असला की टीम शनिवारी दुपारी विमानाने जाते, रविवारी खेळते आणि रात्रीच परत. दोन दिवस. बास्केटबॉल किंवा बेसबॉलवाले निम्मा सीझन बाहेर असतात, पण फुटबॉलवाला आठवड्याला एकच सामना खेळतो आणि बाकीचे दिवस सरावाच्या मैदानावर आणि मीटिंगच्या खोलीत असतो. म्हणून त्याचा बहुतेक पगार सरावाची जागा ज्या राज्यात आहे, त्या राज्याच्या वाट्याला जातो. मी फ्लोरिडात घर घेतो आणि सॅन फ्रान्सिस्कोसाठी खेळतो, मग टॅक्स वाचला, असं पगाराच्या बाबतीत होत नाही.

आकड्यात बघू. खेळाडू काल्पनिक, अविवाहित, वर्षाचा पगार एक कोटी डॉलर. कॅलिफोर्नियातल्या टीममध्ये असेल तर १७० पैकी दीडशेच्या आसपास दिवस तिथले. राज्याचा टॅक्स साधारण साडेअकरा लाख डॉलर, वर विम्याची कपात लाखभर. हाच खेळाडू डॅलसमध्ये असेल आणि कॅलिफोर्नियात एकच सामना खेळायला गेला, तर त्या दोन दिवसांचे जेमतेम पंधरा हजार डॉलर. डॅलसवाल्यांची सुटका त्यानेही पूर्ण होत नाही, कारण त्यांच्या गटातल्या टीम न्यू जर्सी, फिलाडेल्फिया आणि मेरीलँडमध्ये खेळतात, म्हणजे दरवर्षी त्या तीन ठिकाणी जाणं आलंच. तरीही डॅलसच्या एक कोटीची बरोबरी करायला कॅलिफोर्नियाच्या टीमला १ कोटी २० लाखांच्या पुढे जावं लागेल. फेडरल टॅक्स दोघांनाही सारखाच, वरचा दर ३७ टक्के.

हिलचा मायामीचा करार चार वर्षांचा, १२ कोटी डॉलरचा. वर्षाला सरासरी तीन कोटी धरले आणि तो सगळा पगार आहे असं मानलं, तर न्यू जर्सी आणि फ्लोरिडा यांच्यातला फरक वर्षाला पंचवीस ते तीस लाख डॉलर. त्याचं म्हणणं उगाच नव्हतं.

पण ‘सगळा पगार आहे असं मानलं’ या शब्दांत बरंच काही दडलंय. एनएफएलचे मोठे करार पगारापेक्षा साइनिंग बोनसवर, म्हणजे करारावर सही केल्याबद्दल मिळणाऱ्या रकमेवर उभे असतात. टीमला सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे खेळाडूंवरच्या खर्चाला लीगने घातलेल्या मर्यादेत, जागा हवी असते, म्हणून ती पगाराचा मोठा भाग बोनसमध्ये बदलते, कारण कॅपच्या हिशोबात बोनस पुढच्या वर्षांवर पसरवता येतो. टॅक्सच्या नियमांत मात्र बोनसची गोष्ट वेगळी आहे. तो पगारापासून स्वतंत्र दिला, परत करावा लागणार नाही आणि पुढे खेळण्याच्या अटीवर अवलंबून नाही, असं असेल तर ड्यूटी डेजमध्ये त्याची वाटणी होत नाही. तो फक्त रहिवासाच्या राज्यात करपात्र. म्हणजे फ्लोरिडाचा खरा रहिवासी सॅन फ्रान्सिस्कोसाठी खेळत असला तरी या भागावर कॅलिफोर्नियाला काही नाही. फ्लोरिडातल्या घराचा खरा फायदा इथे आहे. अर्थात करारात बोनस परत घेण्याची कलमं असतात आणि राज्यं त्यावर बोट ठेवून भांडतात. रहिवासही कागदावरचा चालत नाही. बायको-मुलं कुठे, मुलांची शाळा कुठे, मतदार नोंदणी कुठे, लायसन्स कुठलं, सगळं विचारतात. कॅलिफोर्नियाचं टॅक्स खातं या बाबतीत फार चिवट आहे.

परराज्यातल्या खेळाडूंकडून टॅक्स घेण्याची ही पद्धत ‘जॉक टॅक्स’ म्हणून ओळखली जाते. ती गाजली १९९१ मध्ये, बास्केटबॉलच्या अंतिम फेरीत शिकागो बुल्सनी कॅलिफोर्नियाच्या लेकर्सना हरवल्यानंतर. कॅलिफोर्नियाने मायकल जॉर्डन आणि मंडळींकडे टॅक्स मागितला, मग इलिनॉयने उलट कायदा केला: आमच्या खेळाडूंवर जे राज्य टॅक्स लावतं, त्याच्या खेळाडूंवर आम्हीही लावणार. हळूहळू बहुतेक राज्यं आणि काही शहरंही यात उतरली.

शहरांनी तर कधी कधी कमालच केली. क्लीव्हलँड शहर दोन टक्के घेत असे, पण दिवसांऐवजी सामने मोजून. शिकागोच्या फुटबॉल टीमचा हंटर हिलेनमायर वर्षाच्या वीस सामन्यांतला एक तिथे खेळला, म्हणजे पगाराचा विसावा हिस्सा क्लीव्हलँडचा. दिवस मोजले असते तर तो हिस्सा सव्वा टक्क्याच्या आसपास असता. दुसरा इंडियानापोलिसचा जेफ सॅटर्डे. त्याची गंमत अशी की २००८ मधल्या त्या सामन्याला तो गेलाच नव्हता. दुखापत होती, म्हणून घरी थांबून फिजिओथेरपी घेत होता. तरी क्लीव्हलँडचा टॅक्स कापला गेला! दोघांनी दाद मागितली आणि २०१५ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने सामने मोजायची पद्धत घटनाबाह्य ठरवली. पिट्सबर्गने बाहेरच्या खेळाडूंवर लावलेली तीन टक्के फी पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये अशीच रद्द केली.

सुपर बोलचं, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याचं गणित तर ऐकण्यासारखं आहे. २०१६ चा सुपर बोल कॅलिफोर्नियात सांता क्लाराला झाला. जिंकणाऱ्याला १,०२,००० डॉलर, हरणाऱ्याला ५१,०००. टीम तिथे आठवडाभर मुक्कामाला असते आणि त्या दिवसांच्या हिशोबाने टॅक्स लागतो तो वर्षभराच्या पगारावर, नुसत्या त्या चेकवर नाही. आपल्या काल्पनिक खेळाडूचे दोनशेपैकी आठ दिवस तिथे गेले, तर आजच्या दराने टॅक्स होतो साधारण ५२,००० डॉलर. हरला तर चेकपेक्षा टॅक्स जास्त!

आता मूळ मुद्दा, निवड. कॉलेजमधून येणारा खेळाडू साधारणपणे ड्राफ्टमधून येतो. ज्या टीमने नाव पुकारलं तिथे जायचं, चार वर्षांचा ठरलेल्या दराचा करार, पहिल्या फेरीतला असेल तर टीमच्या मर्जीने पाचवं वर्ष. त्यानंतरही टीम फ्रँचायझी टॅग लावून एक वर्ष अडवू शकते. आणि खेळाडू संघटना सरासरी करिअर सांगते ते साडेतीन वर्षांच्याही आतलं. म्हणजे बहुतेकांचं खेळणं संपतं तेव्हा त्यांनी टीम एकदाही निवडलेली नसते.

माझ्याकडे येणारी मुलं याच वर्गातली. प्रॅक्टिस स्क्वॉडवर, म्हणजे टीमबरोबर सराव करणाऱ्या राखीव मुलांत, आठवड्याला बारा-तेरा हजार डॉलर मिळतात. मंगळवारी फोन येतो, दुसऱ्या शहरातली टीम बोलावते, बुधवारी विमानात. यातला कोणी टॅक्सचा दर विचारत नाही, कोणी बोलावलं यातच आनंद. डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा फॉर्म, आल्यावर मात्र डोळे फिरतात. त्या फॉर्मवर राज्यांसाठी दोनच ओळी असतात, म्हणून राज्यं वाढली की पानं वाढतात. एका हंगामात दोन टीम झाल्या की पानांचा गठ्ठा येतो आणि तेवढी रिटर्न्स भरायची. एखाद्या राज्याचा टॅक्स माझ्या फीपेक्षाही कमी निघतो, पण भरावं लागतंच.

निवड उरते ती दुसरा करार करणाऱ्या नावाजलेल्या खेळाडूंना. त्यांच्यासाठी टॅक्स खरंच वजनदार आहे, कारण सॅलरी कॅप सगळ्या टीमना सारखी आहे आणि ती टॅक्स बघत नाही. २०१७ च्या फेडरल कायद्याने ही तफावत आणखी वाढवली. आधी राज्याला भरलेला टॅक्स फेडरल उत्पन्नातून वजा होत असे, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या तेरा टक्क्यांतला बराच भार फेडरल सरकार उचलत असे. २०१८ पासून त्यावर दहा हजार डॉलरची मर्यादा आली. २०२५ मध्ये ती चाळीस हजार केली, पण सहा लाखांच्या वर उत्पन्न गेलं की परत दहा हजारच. एजंटची फी वजा करायची सोयही गेली.

तरीही एजंट मंडळी आधी बघतात ते हमखास मिळणारे पैसे किती. मग क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) कोण, कोच कोण, चेंडू आपल्याकडे किती येणार, कारण पुढचा करार त्यावर ठरतो. हे सगळं जवळपास सारखं असेल तर टॅक्स पारडं झुकवतो. हिलच्या बाबतीत तेच झालं असं मला वाटतं. एरिक हेम्ब्रे या अर्थशास्त्रज्ञाने राज्यांचे दर आणि टीमच्या विजयांची तुलना केली होती. जास्त टॅक्सच्या राज्यातल्या टीम थोड्या कमी जिंकतात असं त्याला दिसलं, आणि परिणाम सर्वात ठळक बास्केटबॉलमध्ये. मला ते पटतं. तिथे पाच जण खेळतात, एक स्टार टीम बदलतो. इथे ५३ जणांचा संच, एका हिलने काय होणार? मायामीने प्लेऑफचा (हंगामाअखेरच्या बाद फेरीचा) शेवटचा सामना जिंकला तो डिसेंबर २००० मध्ये. डॅलसचं शेवटचं विजेतेपद १९९६ च्या जानेवारीतलं. उलट पाच टक्क्यांच्या आसपास टॅक्स घेणाऱ्या मॅसॅच्युसेट्सच्या पेट्रियट्सनी या शतकात सहा सुपर बोल जिंकले. कॅन्सस सिटीचे खेळाडू मिझुरी राज्याचा टॅक्स भरतात, शहराचा एक टक्का वेगळा, आणि तरी २०२० ते २०२४ मध्ये तीन. टॅम्पा बे आणि सिएटल जिंकलेत, नाही असं नाही. मॅसॅच्युसेट्सने २०२३ पासून दहा लाखांवर आणखी चार टक्के लावलेत, त्याचा पेट्रियट्सवर काय परिणाम होतो ते बघायला हवं.

आपल्याकडे हा प्रश्नच येत नाही. पगारावरचा आयकर केंद्राचा, त्यामुळे आयपीएलमध्ये मुंबईकडून खेळा नाहीतर बेंगळुरूकडून, दर तोच. महाराष्ट्रात व्यवसाय कर कापतात, पण वर्षाला अडीच हजार रुपयांवरून कोणी टीम बदलत नाही.

आता तुमची फ्रिस्को. तिथे काउबॉइजचं सरावाचं मैदान आहे, म्हणून उदाहरण मोहात पाडतं, पण तो हिशोब तुम्हाला लागू नाही. दहा टक्क्यांच्या पुढचा दर दहा लाखांवर सुरू होतो. नवरा-बायकोचं मिळून दीड लाख डॉलर उत्पन्न असेल तर न्यू जर्सीचा टॅक्स साडेपाच हजारांच्या आत-बाहेर येतो, चार टक्केही नाही. वाचतील ते एवढेच. टेक्सासमध्ये प्रॉपर्टी टॅक्स चांगलाच चढा आहे, न्यू जर्सीतही आहे, त्यामुळे एडिसनच्या घराचं बिल आणि तिकडे बघितलेल्या घराचं बिल शेजारी ठेवा. आणि नवी नोकरी क्लायंटच्या गावी दर आठवड्याला पाठवणारी असेल, तर तुमच्या डब्ल्यू-२ वरही दुसऱ्या राज्याची ओळ येऊ शकते. प्रवासाच्या तारखा पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा, एप्रिलमध्ये बोर्डिंग पास शोधत बसू नका.