परदेशात बास्केटबॉल खेळायचंय? आधी एवढं बघा

परदेशी क्लबने तुमच्यात रस दाखवलाय? अभिनंदन, पण करारावर सही करायची घाई नको.

व्हिडिओपासून सुरुवात करा. नुसत्या डंक आणि थ्री-पॉइंटरच्या क्लिपांवर कोच विश्वास ठेवत नाहीत. दोन पूर्ण सामने सलग पाठवा. बचावात तुम्ही कुठे उभे राहता, बॉल गेल्यावर मागे धावता का, हे त्यांना त्यातच दिसतं.

एजंट फिबाचा (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा) परवानाधारकच हवा. 'आधी नोंदणी फी भरा' म्हणणाऱ्याला तिथेच रामराम ठोका.

करारात सगळ्यात जास्त वेळ घालवा:
- पगार कर वजा जाता हातात किती, आणि कोणत्या तारखेला?
- घर, परतीचं तिकीट, दुखापतीचा विमा लेखी आहे का? तोंडी आश्वासनाला काडीची किंमत नाही.
- वाद झाल्यास 'बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रिब्युनल' या लवादाकडे (जिनिव्हा) जाण्याचं कलम आहे का? हे नसेल तर थकलेल्या पगारासाठी परक्या देशातल्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवाल. नवखे नेमके इथेच फसतात.

आपल्या देशाच्या महासंघाचं क्लिअरन्स पत्र (बाहेर खेळायला हरकत नाही असं पत्र) मिळाल्याशिवाय तिकडे नोंदणी होत नाही. ते क्लबला वेळेत मागायला लावा.

पुढे संघाच्या मॅनेजमेंटमध्ये जायचं आत्ताच डोक्यात घेऊ नका. मसाई उजिरी युरोपात खेळले, मग बिनपगारी स्काउट (नवे खेळाडू हेरणारे) झाले. 2019 मध्ये टोरोंटो रॅप्टर्स एनबीए लीगचे विजेते ठरले तेव्हा संघाचे अध्यक्ष तेच होते. तुम्ही सध्या प्रतिस्पर्ध्यांच्या नोंदी लिहायची सवय लावा आणि तिथली भाषा शिका.