रात्री भरलेली पिशवी सकाळी अर्धी रिकामी

मावशी, नमस्कार. नवरा फेब्रुवारीत कॅनडाला गेला. आमचा पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना, झालाय. मी आणि नऊ वर्षांची लेक ऑगस्टअखेर निघतोय. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, त्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरातच राहणार. नणंद गावातच मांजलपूरला असते. तीन महिने मी एकटी आवरतेय. रोज रात्री देऊन टाकायच्या सामानाची पिशवी दाराशी ठेवते आणि सकाळी बघते तर अर्धी रिकामी. सासऱ्यांच्या चष्म्याचं घर, कान तुटलेला कप, माळ्यावरचं पातेलं, लेकीचं बालवाडीतलं दप्तर, सगळं गुपचूप परत जागेवर. माझे ड्रेस नि चपला मात्र पिशवीत तशाच. म्हणजे हे मुद्दामच चाललंय. परवा मी नको तेवढं बोलले. त्या उलटून एक शब्द बोलल्या नाहीत, पण दोन दिवस धड जेवल्या नाहीत. नवरा फोनवर म्हणतो, सगळं देऊन टाक, इथे सगळं मिळतं. फक्त गौरींचे पितळी मुखवटे आणि हाताने लिहिलेली पोथी तेवढी आण. दोन्ही सयाजीराव महाराजांच्या वेळची आहेत म्हणतात. काय नेऊ, काय देऊ, आणि आईंना कसं समजावू?
— दमलेली सून, बडोदा

अगं, परत गेलेल्या वस्तूंची यादी तूच लिहिली आहेस, ती एकदा शांतपणे वाच. चष्म्याचं घर, कप, पातेलं. यातलं तुझं काय आहे? तुझ्या ड्रेसना त्यांनी बोटही लावलं नाही, आणि नेमकं तेच तुला खुपलं. मला त्यावरून एवढंच कळतं की तुझं जे आहे ते तू खुशाल दे, त्याला त्यांची ना नाही. त्या आपल्या घरातलं उचलून आपल्या जागी ठेवतायत. राहिलं दप्तर. ते नातीचं खरं, पण नात चालली आहे गं.

तुझा हेतू वाईट नाही, हे मला ठाऊक आहे. नवरा तिकडे, इथे एकटीच्या अंगावर सगळं, हातात मोजके आठवडे. अशा वेळी जे दिसेल ते पिशवीत जातं. पण तू घर रिकामं करायला निघाली आहेस आणि ते घर रिकामं व्हायचंच नाहीये. सप्टेंबरात त्याच झोपाळ्यावर सासूबाई बसणार आहेत. रोज रात्री दाराशी एक पिशवी, पुढच्या खोलीतून येता-जाता त्यांच्या नजरेसमोर. मुलगा गेला, सून-नात जाणार, आणि मागे जे उरणार तेही थोडं थोडं करून बाहेर चाललंय. त्यांनी भांडण केलं नाही, रात्री उठून चष्म्याचं घर तेवढं जागेवर नेऊन ठेवलं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. लग्नानंतर आठ-नऊ वर्षांनी आमच्याकडे गीझर बसला आणि मी सासूबाई देवळात गेल्या असताना त्यांचा तांब्याचा बंब मोडीत घातला. चांगला भाव आला म्हणून मी खूश होते. त्या परत आल्या, न्हाणीघराच्या कोपऱ्यात बंबाच्या तीन पायांचे काळे डाग राहिले होते, तिकडे बघितलं, आणि पाय धुऊन आत गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली त्यांच्या कनवटीला गेली, ती शेवटपर्यंत. पुढे वीस वर्षं आम्ही एका घरात गोडीने राहिलो, पण ती किल्ली काही माझ्या हातात आली नाही. म्हणून तुझं पत्र वाचून जीव कळवळला. तुझ्याकडे अजून वेळ आहे.

तर आजपासून दाराशी पिशवी ठेवू नकोस. ती तुमच्या खोलीत राहू दे आणि तुमच्या खोलीतलंच सामान तिच्यात जाऊ दे. आईंना सरळ सांग, "आई, बाकीचं घर तुमचं आहे. मी फक्त आमचं कपाट आवरते. परवा बोलले ते चुकलं माझं." एवढं पुरे, लांबण नको. लेकीचं दप्तर, तिची खेळणी, लहानपणीचे फ्रॉक सासूबाईंसमोर मांड आणि त्यांना काय ठेवायचंय ते विचार. दप्तर ठेवतील. ठेवू देत.

घरातलं कमी करायचंच असेल तर ते त्यांच्या सोयीसाठी कर, आणि त्यांना विचारून. एकटं राहणारं माणूस स्टुलावर चढून माळ्यावरचं पातेलं काढायला जातं, तिथेच घात होतो. ते पातेलं टाकू नकोस, खाली आण. रोजचे डबे, चहा-साखर, औषधं हात न उंचावता मिळतील अशी लाव. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घे, पायाखाली सरकणारी सतरंजी त्यांना विचारून उचल. दुसरी किल्ली नणंदेकडे दे, आणि बँकेची, विजेची, घराची कागदं एका फायलीत लावून ती कुठे आहे ते दोघींनाही दाखव. तुझे हे उरलेले आठवडे खरे इथे लागायला हवेत.

आता तुझ्या बॅगा. कॅनडाच्या बऱ्याच तिकिटांवर माणशी २ बॅगा, प्रत्येकी २३ किलो मिळतात. तुझ्या तिकिटावर काय लिहिलंय ते बघून घे. दोघींचे मिळून ९२ किलो झाले. रिकामी बॅगच चारेक किलोची असते, म्हणजे हातात राहिले ७६. हुकाचा वजनकाटा आण आणि प्रत्येक बॅग भरल्यावर अडकवून बघ.

नवऱ्याचं "इथे सगळं मिळतं" हे मिक्सरपुरतं अगदी खरं आहे. आपल्याकडे वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ. तिकडे १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ. नुसता प्लग बदलून भागत नाही. मिक्सर, इस्त्री, केस वाळवायचं यंत्र इथेच दे. गोल बुडाची कढई आणि खोलगट तवाही नको, कारण तिकडे बऱ्याच घरांत सपाट काचेची विजेची शेगडी असते, तिच्यावर ही भांडी डुगडुगतात. सपाट बुडाचा कुकर आणि त्याच्या दोन जादा रिंगा, हाताने फिरवायचं पुरणयंत्र, सोऱ्या, लाटणं हे मात्र ने. विळी न्यायची तर मोठ्या बॅगेत, केबिनच्या पिशवीत नाही. थंडीचे जाड कपडे इथून घेऊन वजन वाढवू नकोस, तिथल्या थंडीला तिथलेच लागतात. त्या जागी सुती कपडे आणि लेकीची मराठी पुस्तकं जाऊ देत. पुस्तकं जड होतात, तरी ने. या बाबतीत मी हट्टी आहे.

कस्टमचं एक काम निघायच्या आधीच कर. स्थायिक व्हायला जाणाऱ्याला स्वतःच्या मालकीचं आणि वापरलेलं घरगुती सामान करमुक्त नेता येतं, पण पहिल्यांदा उतरताना त्याची यादी द्यावी लागते. दोन भाग कर: बरोबर आणलेलं आणि मागाहून येणारं. वस्तू, मेक, अंदाजे किंमत, असेल तिथे सीरियल नंबर, आणि दागिन्यांचे फोटो. बीएसएफ १८६ नावाचा फॉर्म त्यासाठीच आहे. पुढे कधी काही पाठवायचं असेल तर ते दुसऱ्या भागात आत्ताच लिहून ठेव, कारण त्या दिवशी न लिहिलेल्या वस्तूवर नंतर कर लागू शकतो. यात "वापरलेलं" हा शब्द महत्त्वाचा आहे. सीलबंद नवी भांडी विकत घेऊन भरू नकोस. दागिने केबिनच्या पिशवीत, आणि निघताना आपल्या कस्टमकडून त्यांचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घे, म्हणजे भारतात येताना ड्यूटीचा घोळ होत नाही. लग्नाचा दाखला, लेकीचा जन्मदाखला, शाळेचा दाखला नि लसीकरणाची नोंद हेही हातातल्याच पिशवीत.

मुखवटे आणि पोथी यांचं मात्र नवऱ्याला नीट समजावून सांगावं लागेल. आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेल्या हस्तलिखिताला ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. सयाजीराव महाराजांची कारकीर्द १८७५ ते १९३९, म्हणजे मुखवटे दीडशे वर्षांचेही असू शकतील आणि नव्वदीतलेही. वय कमी निघालं तरी विमानतळावर ते सिद्ध कशाने करणार? त्यासाठी पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. खात्याच्या वडोदरा मंडळाचं कार्यालय आपल्याच गावात आहे, तिथे विचारता येईल.

पण मुखवट्यांसाठी ती खटपट तू करूच नयेस, असं मला मनापासून वाटतं. यंदा गौरी कुठे बसणार? सासूबाई आहेत तोवर त्या घरातच ना? मग मुखवटे तिथेच शोभतात. नणंद येईल मदतीला, तू व्हिडिओवर आरती कर, आणि तिकडच्या घरी खड्यांच्या गौरी आण. कितीतरी घरांत खड्यांच्याच असतात.

पोथीची पानं मऊ हाताने उलटून मोबाइलवर फोटो काढ, प्रत नवऱ्याला पाठव, आणि मूळ पोथी लाल फडक्यात परत देवघरात ठेव. पुढेमागे ती सांभाळणारं घरात कुणी नसेल असं वाटलं तर महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती काढणारी संस्था ती, हजारो हस्तलिखितं सांभाळून आहे. पण तो निर्णय सासूबाईंचा, आणि आत्ताच घ्यायची काही गरज नाही.

निघताना तुमच्या खोलीला कुलूप लावू नकोस. पलंगावर धुतलेली चादर घाल, कपाटात तुझे दोन ड्रेस आणि लेकीचा एक राहू दे, सुट्टीत याल तेव्हाचे.

आणि तो कान तुटलेला कप कुणाचा, हे तू लिहिलं नाहीस. बहुतेक तुलाही ठाऊक नसावं. आज संध्याकाळी दोघींचा चहा कर, झोपाळ्यावर त्यांच्या शेजारी बस, आणि विचार त्यांना.

— मावशी