सेडच्या बदली मजकुरातील & आणि / यांचे काय करावे?

आपला प्रश्न असा आहे की, सेटिंगच्या फाइलमधील @पत्ता@ ही खूण काढून तिथे व्हेरिएबलमधील वेब पत्ता घालताना सेड (मजकूर शोधून बदलणारी कमांड) आधी 'एस'चा, म्हणजे शोधून बदलण्याच्या त्याच्या सूचनेचा, पर्याय अनोळखी असल्याची एरर देत होता, आणि विभाजक म्हणून, म्हणजे त्या सूचनेचे भाग वेगळे करणारे चिन्ह म्हणून, / ऐवजी | घेतल्यावर कमांड चालली खरी, पण पत्त्यातील प्रत्येक & च्या जागी पुन्हा @पत्ता@ हेच उमटले. हे दोन वेगळे दोष आहेत.

पहिला साधा होता: पत्त्यातील पहिल्याच / ला सेडने बदली मजकुराचा शेवट मानले आणि पुढचे चिन्ह पर्याय म्हणून वाचले. विभाजक बदललात ते योग्यच. बॅकस्लॅश आणि नवी ओळ सोडून कोणतेही चिन्ह तिथे चालते.

दुसरा अधिक घातक, कारण त्यात एररच येत नाही. बदली मजकुरात & चा अर्थ 'जुळलेला सगळा मजकूर' असा होतो. मी एकदा डेटाबेसचा पासवर्ड असाच घातला होता; त्यात एकच & होता, आणि लॉगिन का नाकारले जाते हे शोधण्यात माझा अर्धा दिवस गेला, कारण फाइल उघडून पाहावी हे मला सुचलेच नाही.

अवतरणचिन्हे बदलून हे सुटणार नाही. दुहेरी अवतरणात व्हेरिएबलची किंमत शेल (आपल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) आधीच भरतो, त्यामुळे कोणते चिन्ह आपल्या मजकुरातले आणि कोणते कमांडचे, हे सेडला कळत नाही. एकेरी अवतरणात तर किंमत भरलीच जात नाही. म्हणून ती किंमत आधी दुसऱ्या एका सेडमधून काढून नव्या व्हेरिएबलमध्ये ठेवावी (एस आणि जी रोमन लिपीत लिहावेत):

'एस,[\&|],\\&,जी'

यामुळे बॅकस्लॅश, & आणि आपला विभाजक | या प्रत्येकाआधी एक बॅकस्लॅश लागतो; गंमत म्हणजे इथे तोच & उपयोगी पडतो. मात्र किंमत एकाच ओळीची असावी.

सेडऐवजी बॅश या शेलची व्हेरिएबलमधील बदली वापरणार असाल, तर 2022 मध्ये आलेल्या 5.2 आवृत्तीपासून तिथेही & ला हाच अर्थ आहे; बदली मजकूर दुहेरी अवतरणात ठेवल्यास तो लागू होत नाही.

फाइलमध्ये थेट बदल करणारा 'आय' पर्याय तूर्त काढून टाकावा आणि निकाल आधी पडद्यावर पाहावा.