फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या डीडीबीमध्ये (कर्नलमधल्या डीबगरमध्ये) लांब बॅकट्रेस, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची यादी, दर पानाला 'मोअर'वर थांबतो; हे कसं बंद करायचं?

प्रॉम्प्टवर 'सेट $लाइन्स = 0' द्या (अर्थात रोमन लिपीत, लहान अक्षरांत); पेजर, म्हणजे दर पानाला थांबवणारी सोय, बंद होतो. डीडीबीचा अंगभूत पेजर किती ओळींनंतर थांबायचं हे याच चलातून वाचतो, आणि शून्य म्हणजे थांबूच नको. फक्त पानाची उंची बदलायची असेल, तर खरी गोम इथे आहे: डीडीबी आकडे मुळात षोडशमान (16 पायाच्या) पद्धतीने वाचतो. 24 लिहिलंत तर 36 ओळी होतात आणि 24 ओळींच्या पडद्यावर वरच्या 12 निसटतात. तिथे 18 लिहा, ते षोडशमानात 24 होतात. पेजर पूर्ण बंद करायचा तो सिरीयल कन्सोलवर (केबलने जोडलेल्या दुसऱ्या संगणकावर), समोर लॉग साठत असेल तेव्हाच. नुसत्या मॉनिटरवर पॅनिकचा (कर्नल कोसळल्यावर येणाऱ्या संदेशाचा) सुरुवातीचा, म्हणजे नेमका कामाचा, भाग वर सरकून जातो. रीबूटनंतर हे पुन्हा द्यावं लागतं.