वाचक विचारतात: जुन्या मसल कारला नवं इंजिन

प्रश्न: 1972 ची शेव्हरोले शेव्हेल मालिबू घेतली आहे. आत मूळचं 307 घनइंचांचं व्ही-8 आणि तीन गिअरचा टर्बो 350 ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. गाडी शर्यतीसाठी नाही. घरच्यांना घेऊन, एसी लावून तीनशे मैल निवांत जाता यावं एवढीच इच्छा आहे. कोरं एलएस-3 घ्यावं की भंगारातल्या पिकअपचं 5.3? (ह्यूस्टन)

उत्तर: तुमच्या कामासाठी 5.3. दोन्ही जनरल मोटर्सच्या एलएस घराण्यातली व्ही-8 इंजिनं आहेत. अट एकच, इंजिन अर्धवट घेऊ नका.

1972 च्या मालिबूत हे 307 कंपनीच्या आकड्याप्रमाणे 130 अश्वशक्तीचं होतं. 1999 ते 2007 या काळात सिल्व्हराडो, टाहो, सबर्बन, युकॉनमध्ये आलेलं 5.3 लिटरचं एलएम-7 वर्षानुसार 270 ते 295 देतं. म्हणजे ताकद दुप्पट झालीच. 2008 च्या कॉर्व्हेटमध्ये आलेलं एलएस-3 तब्बल 430 अश्वशक्तीचं आहे, पण ती ताकद पेलायला मागचा अ‍ॅक्सल, प्रॉपेलर शाफ्ट, ब्रेक आणि टायर सगळंच बदलावं लागेल. इंजिनाची किंमत ठरवताना हा खर्च बहुतेक जण धरतच नाहीत आणि मग गाडी वर्षभर जॅकवर राहते.

एलएम-7 चा ब्लॉक लोखंडी आहे. याच मापाचं अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकचं एल-33 साधारण 80 ते 100 पौंडांनी हलकं आणि 310 अश्वशक्तीचं, पण ते 2005 ते 2007 मध्येच आलं. मिळालं तर सोडू नका, त्यासाठी अडूनही बसू नका. भंगारवाल्याच्या शब्दावर न जाता गाडीच्या व्हीआयएनमधलं (ओळख क्रमांकातलं) आठवं अक्षर पाहा: टी म्हणजे एलएम-7, बी म्हणजे एल-33, यू म्हणजे 6.0 लिटरचं एलक्यू-4.

2005 पासून हळूहळू आलेल्या चौथ्या पिढीच्या अनेक 5.3 इंजिनांत कमी भारावर चार सिलिंडर बंद करणारी यंत्रणा आहे. 1, 4, 6 आणि 7 या सिलिंडरचे लिफ्टर (कॅमशाफ्टवर चालून झडपा उघडणारे भाग) त्यासाठी वेगळे असतात आणि निकामी होतात तेही बहुतेक तेच. लिफ्टर अडकला की कॅमशाफ्टही खातो. म्हणून तिसरी पिढीच बघा, एलएम-7 आणि एल-33 त्यातलीच. ओळख सोपी आहे: तिसऱ्या पिढीत कॅम सेन्सर इंजिनाच्या मागच्या बाजूला आणि नॉक सेन्सर इनटेकखालच्या खोबणीत असतात. चौथीत कॅम सेन्सर पुढच्या टायमिंग कव्हरवर आणि नॉक सेन्सर ब्लॉकच्या दोन्ही अंगांना. क्रँकवरच्या सेन्सर रिंगला तिसरीत 24 दाते, चौथीत सहसा 58. एकाचा ईसीएम (इंजिनाचा संगणक) दुसऱ्याला थेट चालत नाही.

उचलण्याआधी 24 मिमीचा सॉकेट लावून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. मग व्हॉल्व्ह कव्हर काढून आत दुधाळ थर आहे का पाहा. हेडवर 706 हा ओतीव क्रमांक आणि शेजारी कॅसटेक या ओतशाळेचा शिक्का असेल तर जास्त सावध व्हा. त्यातली काही हेड आतून तडकतात, बाहेर थेंबही न दिसता कूलंट तेलात उतरतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे मागचे बोल्ट तुटलेले असणं नेहमीचंच. त्यावर भाव पाडून घ्या, इंजिन नाकारू नका.

इंजिनासोबत न कापलेलं वायरिंग, ईसीएम, हवेचा मास एअरफ्लो सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर, कॉइल, स्टार्टर, फ्लेक्सप्लेट आणि 4एल60ई गिअरबॉक्स एकाच गाडीतून घ्या. थ्रॉटलला केबल नसून इलेक्ट्रिक मोटर असेल तर अ‍ॅक्सिलरेटर पेडल आणि त्याचं मॉड्यूलही त्याच गाडीचं हवं, जोडी फुटली की थ्रॉटल हलतच नाही. ईसीएममधलं चोरीविरोधी कुलूप प्रोग्रॅमिंग करून काढावं लागतं. ते राहिलं तर इंजिन सुरू होतं आणि लगेच बंद पडतं. लोक मग पंप आणि प्लग बदलत बसतात.

4एल60ई वर भर यासाठी, की त्याचा चौथा गिअर 0.70 चा आहे. हायवेवर त्याच वेगाला इंजिनाचे फेरे तीस टक्क्यांनी उतरतात, आणि निवांत प्रवास म्हणतात तो इथेच मिळतो. त्यासाठी गिअरबॉक्सखालचा क्रॉसमेंबर (चेसिसचा आडवा दांडा) मागे सरकवावा लागतो आणि शाफ्टची लांबी नव्याने मोजावी लागते. जुना टर्बो 350 च ठेवायचा असेल तर लक्षात घ्या: एलएसच्या क्रँकचा मागचा फ्लँज शेव्हरोलेच्या जुन्या स्मॉल ब्लॉक व्ही-8 पेक्षा सुमारे 0.4 इंच आत आहे. मधला स्पेसर आणि लांब बोल्ट न घालता जोडलात तर टॉर्क कन्व्हर्टरला आधार मिळत नाही आणि गिअरबॉक्सचा पंप फुटतो.

आता बसवणी. माउंटसाठी अ‍ॅडॉप्टर प्लेट सहज मिळतात. खरी अडचण ऑइल पॅनची: पिकअपचा पॅन खोल असतो, क्रॉसमेंबरच्या खाली लोंबतो आणि पहिल्या स्पीडब्रेकरला फुटतो. जुन्या गाड्यांसाठी बनवलेला उथळ पॅन, त्याचाच तेल ओढणारा पिकअप पाइप आणि त्याच्यासोबत येणारी डिपस्टिक असा पूर्ण संच घ्या. पॅन उघडलाच आहे तर पिकअप पाइपची ओ-रिंग बदला. ती कडक झाली की पंप तेलाबरोबर हवा ओढतो, तेलाचा दाब पडतो आणि बेअरिंग जातात. पिकअपच्या मूळ जागी एसीचा काँप्रेसर खाली उजवीकडे असतो आणि चेसिसला धडकतो, म्हणून एसी हवा असेल तर काँप्रेसर वर घेणारं ब्रॅकेट आधी ठरवा, बाकी पुली त्यानंतर. चेसिस कापून जागा करू नका.

डॅशबोर्डवरचा जुना तापमान काटा चालवायचा असेल तर त्याचा सेन्सर उजव्या हेडच्या मागच्या एम12 भोकात अ‍ॅडॉप्टरने बसवा. ईसीएमचा सेन्सर डाव्या हेडला असतो, त्याला हात लावू नका.

प्रश्न: 1969 कमॅरोत 5.3 बसवून झालं. टाकी निम्म्यावर आली की वळणावर इंजिन अडखळतं. शिवाय रहदारीत तापमान वर-खाली उड्या मारतं. रेडिएटर नवा आहे. (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर: दोन वेगळे दोष आहेत. पहिला टाकीचा. कार्ब्युरेटरला इंधनाचा 5 ते 7 पीएसआय दाब पुरत आणि त्याच्या वाटीत थोडं इंधन शिल्लक राहत असे, त्यामुळे पंपाने क्षणभर हवा ओढली तरी कळत नसे. एलएसच्या इंजेक्टरना सतत 58 पीएसआय लागतं. जुन्या टाकीत इंधन अडवणारे पडदे नाहीत. वळणावर ते एका बाजूला गेलं की पंप उघडा पडतो. टाकीबाहेर लावलेला पंप तर आवाज करतो आणि गरम होऊन लवकर मरतो. उपाय म्हणजे आत पडदे आणि खोल सांप (तळाचा खोलगट भाग) असलेली टाकी, आत बुडालेला ताशी 255 लिटरचा पंप, आणि टाकीजवळ 1999 ते 2003 च्या कॉर्व्हेटचा फिल्टर, ज्यात दाबाचा रेग्युलेटर आतच आहे. परतीची नळी तिथूनच टाकीत जाते, पुढे 3/8 इंचाची एकच नळी. रबरी तुकडे इंजेक्शनच्या दर्जाचे हवेत. कार्ब्युरेटरची साधी होज या दाबाला फाटते आणि पेट्रोल गरम एक्झॉस्टवर पडतं. या कामात काटकसर करू नका.

दुसरा दोष बहुधा वाफेच्या नळीचा. एलएसच्या हेडमध्ये वरच्या बाजूला वाफ बाहेर पडायची बारीक भोकं असतात. इनटेक बदलताना ती नळी आडवी येते म्हणून बुजवली जाते. मग वाफ हेडमध्ये अडकते, सेन्सर कधी पाणी मोजतो कधी वाफ, आणि काटा उड्या मारतो. पुढची दोन भोकं एकत्र करून नळी रेडिएटरच्या वरच्या टाकीत किंवा वॉटर पंपच्या वरच्या भागात सोडा. मागची दोन बंद असली तरी चालतात.

प्रश्न: 1966 मस्टँग, मूळ 289. फोर्डचं कोयोटी 5.0 बसवायचं आहे. (डेट्रॉइटजवळ)

उत्तर: 2011 च्या मस्टँगमध्ये 412 अश्वशक्ती घेऊन आलेलं कोयोटी हे चार कॅमशाफ्टचं इंजिन आहे. त्याची हेड प्रचंड रुंद आहेत आणि 1966 च्या मस्टँगमध्ये दोन्ही बाजूंचे शॉक टॉवर (पुढच्या सस्पेन्शनचे खांब) आत घुसलेले आहेत. ते कापायचे म्हणजे पुढचं सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक सगळं नवं. त्याला इंजिन बदलणं म्हणता येणार नाही, ती अर्धी नवी गाडी बांधणं आहे. वेल्डिंगचं काम आणि पैसा दोन्हीची तयारी असेल तर जरूर करा.

नसेल तर 1987 ते 1993 च्या मस्टँगचं किंवा 1996 ते 2001 च्या एक्स्प्लोररचं 5.0 घ्या. घराणं तुमच्या 289 चंच, माउंट तेच, पण कॅमशाफ्ट रोलरचा आणि इंजेक्शन आयतं. तरीही तीन गोष्टींत लोक फसतात.

सगळ्यात महत्त्वाचा आहे बॅलन्स. 289 ला 28 औंस-इंच असंतुलनाचा डॅम्पर आणि फ्लायव्हील लागतात, या 5.0 ना 50 औंस-इंचाचे. जुनं फ्लायव्हील लावलंत तर इंजिन सुरू होईल, पण थरथरेल आणि शेवटी बेअरिंग खाईल. त्यानंतर ज्वलनक्रम: तुमच्या 289 चा 1-5-4-2-6-3-7-8, मस्टँगच्या 5.0 चा 1-3-7-2-6-5-4-8. तारा सवयीने लावू नका. आणि पॅन: त्या 1987 ते 1993 च्या (फॉक्स) मस्टँगचा दुहेरी सांपचा पॅन तुमच्या गाडीत बसत नाही, पुढे सांप असलेला पॅन आणि त्याचा पिकअप पाइप हवा.

एक्स्प्लोररच्या इंजिनाला डिस्ट्रिब्युटर नाही. कार्ब्युरेटर ठेवून डिस्ट्रिब्युटर घालणार असाल तर त्याचा गिअर स्टीलचाच घ्या. रोलर कॅमवर साधा बिडाचा गिअर काही दिवसांत झिजतो आणि त्याचा चुरा तेलात फिरतो. 1997 नंतरच्या हेडवर प्लगचा कोन वेगळा आहे, हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या) त्या हेडसाठी बनवलेलेच घ्या, नाहीतर प्लगच्या टोप्या जळतात.

प्रश्न: 1978 ची ट्रान्स अ‍ॅम आहे. आमच्याकडे धुराची तपासणी कडक, एलएस चालेल का? (सॅन होजे)

उत्तर: चालेल. कॅलिफोर्नियात 1975 आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना तपासणीतून सूट आहे, तुमची गाडी त्यात बसत नाही. इंजिन गाडीइतक्याच किंवा नंतरच्या वर्षाचं हवं, त्याच प्रकारच्या वाहनातलं हवं, म्हणून जड पिकअपचं घेऊ नका. इंजिन ज्या गाडीतून घेतलं तिची सगळी प्रदूषण नियंत्रण यंत्रणा सोबत हवी: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सर्व ऑक्सिजन सेन्सर, इंधनाची वाफ साठवणारा कॅनिस्टर, निदानाचं सॉकेट. मग राज्याच्या स्मॉग रेफरीकडून (धुराच्या तपासणीच्या पंचाकडून) गाडी पास करून घ्यावी लागते. शेव्हरोलेचा ई-रॉड संच कॅलिफोर्नियाच्या मंजुरीसह येतो. महाग आहे, पण तुमच्या राज्यात भंगारातून एकेक भाग जुळवण्यापेक्षा तोच घ्यावा.

प्रश्न: 1970 डॉज चॅलेंजरमध्ये 5.7 हेमी घालू का? (शिकागो)

उत्तर: आधी व्हीआयएनचं पाचवं अक्षर वाचा. जी असेल तर गाडी 318 घेऊन निघाली होती, बिनधास्त बदला. यू म्हणजे 440 मॅग्नम, व्ही म्हणजे तीन कार्ब्युरेटरचं 440, आर म्हणजे 426 हेमी. या तिघांपैकी असेल आणि मूळ इंजिन अजून आत असेल तर कृपया हात लावू नका, तेच उघडून नीट बांधा.

प्रश्न: आजोबांची 1965 ची इम्पाला आहे. मध्यंतरी कोणीतरी डिझेल इंजिन बसवलं. आता अमेरिकेतून 5.3 आणून घालता येईल का? (कोल्हापूर)

उत्तर: यंत्राच्या दृष्टीने गाडी मोठी आहे, 5.3 सहज मावेल. प्रश्न कागदाचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेत नोंदवता येते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेल्या गाडीला ती वाट बंद आहे.

म्हणून 5.3 चा नाद सोडा. 1965 च्या इम्पालात येणारं 283 किंवा 327 शोधा. दोन्हींचे पिस्टन, रिंग, बेअरिंग, गॅस्केट अमेरिकेत आजही नवे मिळतात. डिझेलसाठी माउंट, क्रॉसमेंबर किंवा गिअरबॉक्सचा बोगदा कापला आहे का, ते इंजिन मागवण्याआधी गाडी वर उचलून पाहा. आरसी बुकात आज कोणतं इंधन, किती सीसी आणि कोणता इंजिन क्रमांक आहे ते वाचा आणि जुनं इंजिन सोडवण्याआधी आरटीओकडून लेखी परवानगी घ्या.