एक्सेलच्या मेन्यूत नसलेला, आपल्याला हवा तसा चार्ट कसा बनवायचा?

तुम्हाला दर महिन्याच्या आकड्यांचे उभे बार हवेत, टार्गेटच्या खाली राहिलेले महिने वेगळ्या रंगात, टार्गेटची एक आडवी रेघ, आणि आकडा फक्त शेवटच्या महिन्यावर. असा चार्ट इन्सर्टमध्ये कुठेच सापडत नाही म्हणून दुसरं सॉफ्टवेअर शिकावं लागेल का असं विचारलंय. नाही लागणार. तुमच्याकडे जे एक्सेल आहे त्यातच होईल आणि एकदा जमलं की दहा मिनिटांचं काम आहे.

मी बरीच वर्षं रिपोर्ट बनवण्याचं काम करतेय आणि मला जी गोष्ट फार उशिरा कळली तीच आधी सांगते. एक्सेलला "हा बार टार्गेटच्या खाली आहे म्हणून लाल कर" हे कळत नाही, त्याला फक्त सिरीज कळते, म्हणजे आकड्यांचा एक कॉलम आणि त्या कॉलमला एक रंग. मग दोन रंग हवेत तर दोन कॉलम द्यायचे. रेघ हवी तर रेघेचा कॉलम द्यायचा. एकाच ठिकाणी आकडा हवा तर ज्यात एकच आकडा आहे असा कॉलम द्यायचा. चार्टमध्ये जे जे वेगळं दिसायला हवं त्या प्रत्येकाला डेटात स्वतःचा कॉलम, बस एवढंच. याला हेल्पर कॉलम म्हणतात आणि "कस्टम चार्ट" म्हणून जे काही लोक दाखवतात त्यातलं बहुतेक सगळं यावरच चालतं.

आधी मी पण एकेका बारवर दोनदा क्लिक करून हाताने रंग द्यायचे. एकदा रिपोर्ट पाठवायच्या आदल्या संध्याकाळी दुरुस्त आकडे आले, मी ते शीटमध्ये भरले, बारची उंची बदलली, पण रंग होता तसाच राहिला, कारण हाताने दिलेला रंग त्या जागेला चिकटलेला असतो, आकड्याला नाही. टार्गेट गाठलेला महिना लाल दिसत होता आणि तो तसाच वर गेला. ज्या टीमचा तो महिना होता त्यांना मीटिंगमध्ये उगाच उत्तरं द्यावी लागली. तेव्हापासून मी हाताने एकही बार रंगवलेला नाही.

आता तुमचा चार्ट. समजा ए कॉलममध्ये महिना, बी मध्ये झालेलं काम, सी मध्ये टार्गेट. महिना म्हणून नुसतं नाव टाइप करू नका, त्या महिन्याची १ तारीख टाका आणि सेलच्या फॉरमॅटमधून फक्त महिना दिसेल असं करा, याचा पुढे उपयोग आहे. मग पूर्ण डेटा सिलेक्ट करून कंट्रोल टी दाबा म्हणजे त्याचं टेबल होईल, खाली नवीन ओळ भरली की टेबल वाढतं आणि त्याच्यासोबत चार्टही आपोआप वाढतो.

पुढे तीन कॉलम जोडायचे. (फॉर्म्युले मी उच्चाराप्रमाणे लिहितेय, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचे.) डी मध्ये "गाठलं": =इफ(बी२>=सी२,बी२,एनए()). ई मध्ये "राहिलं": =इफ(बी२<सी२,बी२,एनए()). एफ मध्ये "शेवटचा": =इफ(ए२=मॅक्स(ए:ए),बी२,एनए()), म्हणजे महिना हा त्या कॉलममधल्या सगळ्यात शेवटच्या तारखेएवढा असेल तरच आकडा. तारखा खऱ्या असतील तरच मॅक्स चालतो, म्हणून वर तो आग्रह.

हे एनए() बघून लोक बिचकतात कारण सेलमध्ये एरर दिसतो. पण तो आपण मुद्दाम आणलाय. तिथे दोन अवतरण चिन्हं टाकून सेल कोरा "दाखवला" तर एक्सेलच्या लेखी तो कोरा नसतोच, तो मजकूर असतो, आणि मजकुराला चार्ट शून्य धरतो. बारमध्ये ते चटकन लक्षात येत नाही कारण शून्य उंचीचा बार दिसतच नाही, पण रेघेत मात्र रेघ धाडकन तळाला जाऊन परत वर येते आणि बघणाऱ्याला वाटतं त्या महिन्यात काम शून्य झालं. एनए() असेल तर तिथे बिंदूच काढला जात नाही. शीटमध्ये ते एरर खुपत असतील तर कंडिशनल फॉरमॅटिंगने त्यांचा रंग फिका करा.

आता महिना, टार्गेट, गाठलं, राहिलं, शेवटचा हे कॉलम सिलेक्ट करा (मधला बी सोडायचाय म्हणून कंट्रोल दाबून) आणि साधा क्लस्टर्ड कॉलम चार्ट टाका. पहिल्यांदा जे दिसेल ते वाईट दिसेल, घाबरू नका. चार्टवर राइट क्लिक करून चेंज सिरीज चार्ट टाइपमध्ये जा, तिथे कॉम्बोमध्ये प्रत्येक सिरीजला स्वतःचा प्रकार देता येतो. गाठलं आणि राहिलं कॉलमच ठेवा, टार्गेट आणि शेवटचा यांना लाइन करा. सेकंडरी ॲक्सिसच्या कुठल्याही चौकोनात टिक नको, सगळं एकाच मापावर हवं.

मग कुठलाही बार सिलेक्ट करून कंट्रोल १ दाबा, उजवीकडे फॉरमॅटचं पॅनल उघडतं. सिरीज ओव्हरलॅप १०० टक्के करा. हे केलं नाही तर एक्सेल प्रत्येक महिन्यात दोन बारची जागा राखून ठेवतं आणि बार कधी डावीकडे कधी उजवीकडे सरकलेले दिसतात. गॅप विड्थ मी साधारण ५० ते ७० ठेवते, ते तुमच्या डोळ्याला बरं वाटेल तसं. रंगाचं म्हणाल तर लाल आणि हिरवा एकत्र टाळा, बऱ्याच लोकांना तो फरक दिसतच नाही. ठीक चाललेले महिने राखाडी आणि राहिलेले गडद केशरी केलेत तर नजर थेट जिथे जायला हवी तिथे जाते.

"शेवटचा" या सिरीजला लाइन नो लाइन करा, तिच्यावर डेटा लेबल टाका आणि लेबलची जागा अबव्ह. झालं, एकाच महिन्यावर आकडा. पुढच्या महिन्यात नवीन ओळ भरलीत की तो आपोआप पुढे सरकेल. आकड्याऐवजी काही शब्द हवे असतील, समजा "टार्गेटपेक्षा १२ ने कमी", तर ते एका वेगळ्या कॉलममध्ये तयार करा आणि लेबलच्या पर्यायांत व्हॅल्यू फ्रॉम सेल्स निवडा, हे एक्सेल २०१३ पासून आहे.

टार्गेटची रेघ पहिल्या बारच्या मध्यापासून सुरू होऊन शेवटच्या बारच्या मध्यात संपते आणि ते मला कायम अर्धवट वाटतं. टार्गेट सगळ्या महिन्यांना एकच असेल तर त्या सिरीजला लिनिअर ट्रेंडलाइन जोडा, फोरकास्टमध्ये फॉरवर्ड ०.५ आणि बॅकवर्ड ०.५ द्या आणि मूळ रेघ नो लाइन करून टाका, रेघ कडेपासून कडेपर्यंत जाते. फक्त त्याआधी आडव्या ॲक्सिसच्या फॉरमॅटमध्ये टेक्स्ट ॲक्सिस निवडा, कारण तारखा दिसल्या की एक्सेल स्वतःहून डेट ॲक्सिस लावतं आणि मग ०.५ म्हणजे अर्ध्या महिन्याची जागा हा हिशोब चुकतो.

शीर्षकाचं पण सांगून ठेवते कारण ते कुणी सांगत नाही. चार्टच्या शीर्षकावर क्लिक करा, वर फॉर्म्युला बारमध्ये = टाइप करा आणि एखाद्या सेलवर क्लिक करून एंटर दाबा, शीर्षक त्या सेलला जोडलं जातं. फॉर्म्युला थेट शीर्षकात चालत नाही, तो त्या सेलमध्ये लिहायचा. मी तिथे किती महिन्यांत टार्गेट राहिलं ते मोजून "१२ पैकी ४ महिने टार्गेटच्या खाली" असं वाक्य बनवते. चार्ट बघणाऱ्याला काय बघायचं ते पहिल्याच ओळीत कळतं.

गूगल शीट्स वापरत असाल तर तिथे पण कॉम्बो चार्ट आहे, चार्ट एडिटरच्या कस्टमाइझमध्ये सिरीज उघडून एकेकीचा प्रकार बदलायचा. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये कॉलम अँड लाइन असा प्रकार आहे, तो रेघेसाठी शेवटचे कॉलम उचलतो, म्हणून तिथे टार्गेट अगदी शेवटी ठेवा आणि किती रेघा ते सांगा. विचार तिन्हीकडे तोच.

आता तुम्ही हे विचारलं नाहीये पण हेल्पर कॉलमची खरी ताकद न दिसणाऱ्या सिरीजमध्ये आहे, म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. कामांचं वेळापत्रक दाखवणारा गँट चार्ट एक्सेलच्या चार्टच्या यादीत नाही. पण तीन कॉलम घ्या, काम, सुरुवातीची तारीख, किती दिवस, आणि त्याचा आडवा स्टॅक्ड बार काढा. सुरुवातीच्या तारखेची सिरीज नो फिल करा. उरलेले दिवसांचे बार हवेत तरंगल्यासारखे बरोबर आपापल्या तारखेवर दिसतात, त्यांच्या आधीचा बार आहेच, फक्त दिसत नाही. ॲक्सिस बहुतेक वेळा नको तितक्या मागून सुरू होतो, तिथे मिनिमममध्ये तारखेचा नंबर द्यायचा, कारण एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेले दिवस असतात. १ जानेवारी २०२५ म्हणजे ४५६५८. हवी ती तारीख सेलमध्ये टाकून फॉरमॅट जनरल केलंत की नंबर मिळतो. कामं उलट्या क्रमाने दिसतील, त्यासाठी उभ्या ॲक्सिसमध्ये कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर. हीच न दिसणाऱ्या बारची युक्ती किमान ते कमाल असा पट्टा दाखवायला चालते, आणि पूर्वी वॉटरफॉल चार्ट (आकडा पायरीपायरीने कसा वाढला-घटला ते दाखवणारा) पण असाच काढायचे. एक्सेल २०१६ मध्ये वॉटरफॉल, हिस्टोग्राम, ट्रीमॅप वगैरे तयार मिळायला लागले पण त्यांच्यावर दुसरी रेघ किंवा बार चढवता येत नाही, कॉम्बोमध्ये ते बसतच नाहीत, म्हणून जरा वेगळं काही हवं असलं की मी अजून जुन्या पद्धतीनेच करते. आकडे शून्याच्या खाली जात असतील तर मात्र जपून, स्टॅक्डमध्ये उणे आकडे शून्यापासून खालच्या बाजूला रचले जातात आणि न दिसणारा बार भलत्याच जागी जातो.

दोन गोष्टींबद्दल माझं मत ठाम आहे. बार असतील तर उभा ॲक्सिस शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे, कारण बार वाचताना आपण त्याची लांबी बघतो आणि ८० पासून ॲक्सिस सुरू केला तर ९० चा बार ८५ च्या दुप्पट दिसतो. आणि वेगळा चार्ट करायचा म्हणून गोल चार्ट, थ्रीडी वगैरेकडे जाऊ नका. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोग करून दाखवलं होतं की माणसाला एकाच पट्टीवरच्या जागा जेवढ्या अचूक वाचता येतात तेवढे कोन येत नाहीत, आणि तुम्हाला तर टार्गेटशी तुलनाच दाखवायचीय, ती एका पट्टीवरच होणार.

सगळं मनासारखं झालं की चार्टवर राइट क्लिक करून सेव्ह ॲज टेम्पलेट करा, पुढच्या वेळी ऑल चार्ट्समध्ये टेम्पलेट्स खाली तो मिळेल, फक्त कॉलमचा क्रम तोच ठेवा कारण टेम्पलेटला नावं कळत नाहीत, पहिली सिरीज दुसरी सिरीज एवढंच कळतं. आणि शेवटी तुम्हाला ते हेल्पर कॉलम लपवावेसे वाटतील, सगळ्यांनाच वाटतात, पण लपवले की चार्टही रिकामा होतो. काही मोडलेलं नसतं. चार्टवर राइट क्लिक, सिलेक्ट डेटा, खाली डावीकडे हिडन अँड एम्प्टी सेल्सचं बटण, त्यात शो डेटा इन हिडन रोज अँड कॉलम्स ला टिक करा, चार्ट परत येतो.