‘नास्तिक’ कुणाला म्हणायचं?

प्रश्न : ताई, स. न. वि. वि. नेरूळच्या नव्या घरात आम्ही सत्यनारायण घातला. पूजेला मुलानं बसावं अशी माझी इच्छा होती. तो २२ वर्षांचा आहे. म्हणाला, “आई, मी शिरा ढवळीन, पाहुण्यांचं सगळं बघीन, पण पळीतलं पाणी सोडताना ‘करिष्ये’ म्हणणार नाही. मी नास्तिक आहे.” माझे थोरले भाऊ चिडले. “नास्तिक म्हणजे देव नाही असं छातीठोकपणे सांगणारा. मग नाही म्हणून सिद्ध कर!” मुलगा म्हणाला, “मामा, नाही असा माझा दावाच नाही. आहे म्हणणाऱ्यांचं मला पटलेलं नाही, एवढंच.” त्यावर भाऊ म्हणाले, “मग तू नास्तिक नाहीसच, अज्ञेयवादी आहेस.” शब्दकोश निघाला, आवाज चढले, आणि आता मामा-भाचे बोलत नाहीत. या शब्दाचा खरा अर्थ कोणता? आणि फॉर्मवर धर्माच्या रकान्यात मुलानं काय लिहायचं?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : शब्दकोश आधी कपाटात ठेवा. लोक एखादा शब्द कसा वापरतात याची नोंद कोशकार करतो. तुमच्या मुलाला काय म्हणायचं आहे ते कोशात सापडणार नाही, मुलालाच विचारावं लागेल.

त्यातून हा शब्द एका अर्थावर कधी टिकलेलाच नाही. पाणिनीचं सूत्र आहे, ‘अस्ति नास्ति दिष्टं मतिः’. ज्याची मती ‘नाही’ अशी, तो नास्तिक. पण काय नाही? टीकाकार सांगतात, परलोक. देवाचा तिथं उल्लेखही नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात कसोटी बदलते : ‘नास्तिको वेदनिन्दकः’. त्याच श्लोकात, हेतुशास्त्राच्या म्हणजे तर्काच्या आधारानं श्रुती-स्मृतींचा अवमान करणाऱ्याला सज्जनांनी बाहेर काढावं असंही सांगितलं आहे. ठाण्यात मी आयुष्यभर तर्कशास्त्रच शिकवलं, त्यामुळे हा श्लोक मला आजही बोचतो.

ही वेदांची कसोटी लावली की गंमत बघा. मीमांसक, म्हणजे वेदांतल्या यज्ञविधींचा अर्थ लावणारे, पक्के आस्तिक ठरतात, आणि जगाला कुणी निर्माता आहे हे मत त्यांच्यातल्याच कुमारिल भट्टांनी ‘श्लोकवार्तिका’त खोडून काढलं आहे. जैन मात्र नास्तिकांच्या यादीत जातात, कारण ते वेदांना प्रमाण मानत नाहीत. आत्मा, कर्म, पुनर्जन्म हे सगळं ते मानतात. आमच्या टेंभी नाक्यावर मुनिसुव्रतस्वामींचं देरासर आहे. तिथं रोज सकाळी केशर-चंदनाची वाटी घेऊन पूजेला उभ्या राहणाऱ्यांना नास्तिक म्हणायला तुमचे भाऊ तयार होतील का? तिकडे रोममध्ये सुरुवातीच्या ख्रिश्चनांनाही याच अर्थाचा शब्द चिकटवला होता, कारण ते रोमच्या देवांना नैवेद्य दाखवत नसत.

म्हणून भावांची व्याख्या चूक आहे असं मी म्हणणार नाही. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात आजही कितीतरी जण तीच वापरतात. पण तुमच्या मुलाची व्याख्याही त्यानं आयत्या वेळी काढलेली पळवाट नव्हे. अँटनी फ्लू या तत्त्वज्ञानं १९७६ साली जवळपास हेच मांडलं होतं : देवावर विश्वास नसणं एवढाच या शब्दाचा अर्थ घ्यावा, आणि पुराव्याची जबाबदारी ‘आहे’ म्हणणाऱ्यावर असावी. राहता राहिला ‘अज्ञेयवादी’. यासाठीचा इंग्रजी शब्द ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ टी. एच. हक्सले या इंग्रज जीवशास्त्रज्ञानं १८६९च्या सुमारास घडवला. पुराव्यानं सिद्ध होत नाही ते ‘मला ठाऊक आहे’ असं म्हणू नये, हा त्याचा आग्रह होता. अज्ञेयवादाचा प्रश्न जाणण्याचा, नास्तिकतेचा मानण्याचा. ‘मला ठाऊक नाही आणि मी मानतही नाही’ असं एकाच तोंडानं म्हणता येतं. तेव्हा हे किंवा ते अशी निवड मुलावर लादण्याचं कारण नव्हतं.

मे महिन्यात जांभळी नाक्यावर पेटी उघडून विक्रेता सांगतो, “ताई, देवगडचाच आहे.” मी देठाशी वास घेते आणि म्हणते, “मला खात्री वाटत नाही.” आता तो ‘मग देवगडचा नाही हे सिद्ध करा’ म्हणाला तर ते मला लागू नाही. मी ‘हा कर्नाटकचा आहे’ म्हटलं असतं, तर पुरावा माझ्याकडे मागणं रास्त होतं. तुमच्या भावांनी नेमकं हे केलं : आपली व्याख्या भाच्याच्या तोंडी घातली आणि तिचा पुरावा त्याच्याकडे मागितला. वादातली माझ्या मते सर्वांत मोठी लबाडी हीच, आणि घराघरांत ती सर्रास चालते.

मुलालाही एक सांगा. उद्या त्यानं आजीसमोर ‘देवबिव काही नसतं’ असं म्हटलं, तर तो दावा झाला. तेव्हा ‘मी कुठे काही म्हणतोय’ या जुन्या जागी परत जायचं नाही, कारणं द्यायची. तशी कारणं देणारे आहेतही. जगातलं निरागसांचं दुःख हे त्यातलं सर्वांत जुनं आणि सर्वांत जड कारण. ते मांडावं, पण नास्तिकाचा जो अर्थ धरून बोलायला सुरुवात केली तोच शेवटपर्यंत धरावा.

तुमच्या पत्रातलं मला सर्वांत भावलं ते ‘करिष्ये’. ‘मी करीन’ असं पाणी सोडून म्हणणं म्हणजे शब्द देणं. पूजेला बसलेले कित्येक जण गुरुजींच्या मागून ते पुटपुटतात आणि डोळा मोबाइलवर असतो. तुमच्या मुलाला तो शब्द खोटा उच्चारवेना. ज्यांची त्या पूजेवर मनापासून श्रद्धा आहे, त्यांना याचा राग यायचं मला काही कारण दिसत नाही. पुढच्या वेळी तुम्ही स्वतः किंवा भावांनी बसावं, शिरा त्याच्याकडे द्यावा.

फॉर्मचं सोपं आहे. मुंबई उच्च न्यायालयानं २०१४ साली स्पष्ट केलं आहे की राज्यघटनेच्या २५व्या कलमातल्या सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यात ‘मला कोणताही धर्म नाही’ असं सांगण्याचा हक्क येतो, आणि सरकारी यंत्रणा कुणाला धर्म जाहीर करायला भाग पाडू शकत नाही. ही याचिका करणारे येशूला मानणारे होते, पण कोणत्याही संघटित धर्मात स्वतःला धरत नव्हते. म्हणजे रकान्यात ‘निधर्मी’ लिहिणारा देव न मानणाराच असेल असं नाही. तुमच्या मुलाला धर्माची ओळख नको असेल तर त्यानं ‘धर्म नाही’ लिहावं, हवी असेल तर हिंदू लिहावं. दोन्हींत तो खोटं बोलत नाही.